कॅम्परला दुसरा कोट

ज्ञानदा : अरे बाबा, बघ ना! थेंब कसे पळतायत या चाकांवरच्या घरावरून! एकसुद्धा टिकत नाहीये. आणि हा वॉटरप्रूफ कोट कुणी मारला? मी मारला!

बाबा : पाइप बंद कर आता. कोरडं होऊ दे. दुसरा कोट राहिलाय.

ज्ञानदा : आधी म्हण, "ज्ञानू, काय भारी काम केलंस."

बाबा : भारी. पण दारावरच्या पट्टीला कोट राहिला. इथे नोव्हायमध्ये वर्षानुवर्षं गाड्यांच्या दारांची रबरं डिझाइन करतोय मी. पाणी कुठून शिरतं ते मला लांबून दिसतं.

ज्ञानदा : ओके, मिस्टर रबर. चढले शिडीवर. पट्टी डन. आता हे बघ, छतावरचा व्हेंट, हवेचा झरोका. उघडत का नाहीये हा?

बाबा : उघडायचा नाहीये. सिलिकॉन भरलंय मी त्यात.

ज्ञानदा : कधी?

बाबा : गेल्या वर्षी, लेकवर निघायच्या आधी. त्याच्या आदल्या ट्रिपला आईच्या अंगावर पाणी ठिबकलं होतं तिथून. त्यानंतर थेंब आला नाही.

ज्ञानदा : मग कुकरची वाफ कुठून गेली?

बाबा : कसली वाफ?

ज्ञानदा : अरे, लेकवर सगळे दिवस पाऊस होता! खिडक्या बंद, आपली नि प्रफुल्लकाकांची, दोन्ही फॅमिली आत, आणि आई नि काकू उठल्यापासून कुकर लावतायत. डाळ, भात, बटाटे, तो राजमा तर शिजेचना, शिट्टीवर शिट्टी. काकांची मैत्री आणि मी काचेवर बोटानं मांजरं काढत होतो, इतकी वाफ. वर सगळ्यांचे ओले टॉवेल. बाहेर जायला त्या वाफेला एकच वाट होती, बाबा.

बाबा : तुला काय म्हणायचंय?

ज्ञानदा : ही पलंगामागची भिंत सडली ना, ती बाहेरून नाही भिजली. आतून भिजली.

बाबा : भिंत सडली कारण फॉलमध्ये, थंडीच्या आधी, प्रफुल्लनं कोट मारला नाही. त्याची टर्न होती. दोघांचा कॅम्पर, आलटून पालटून काम, असं ठरलं होतं.

ज्ञानदा : मारला नाही हे तू बघितलंस?

बाबा : बघायला कशाला हवं? बोट टेकवलं की आत जात होतं. काळी बुरशी.

ज्ञानदा : आतून. बाहेरच्या पत्र्यावर डाग होता एक तरी? तूच म्हणालास ना, पाणी कुठून शिरतं ते तुला लांबून दिसतं?

बाबा : केमिस्ट्रीत ए मिळाला म्हणून फार बोलायला लागलीस.

ज्ञानदा : ए प्लस. आणि हो, बोलणार. गुढीपाडव्याच्या पॉटलकला, सगळे डबे घेऊन जमले होते तेव्हा, तू सगळ्यांसमोर काकांना कामचुकार म्हणालास. त्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती ठेवली, कॅम्परची किल्ली काढून तुझ्यासमोर ठेवली आणि मैत्रीला म्हणाले, चल. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. शाळा संपेपर्यंत मी लंचला बँडमधल्या मुलांच्या टेबलाशी बसत होते, आणि काय मज्जा येतेय असं मोठमोठ्यानं हसत होते. दमले यार मी.

बाबा : मोठ्यांच्या भानगडीत...

ज्ञानदा : रविवारी ते नेपरव्हिलला चाललेत! कायमचे! तूच सांगतोस ना, नागपूरला हॉस्टेलवर आम्ही दोघं एका ताटात जेवायचो म्हणून? मग कर ना फोन. "सॉरी, व्हेंट मीच बुजवला होता." संपलं.

बाबा : इतकं सोपं नसतं.

ज्ञानदा : किती अवघड असतं ते बघू. लावते मी.

बाबा : ज्ञानू, ठेव तो. ज्ञानू!

(फोन स्पीकरवर. दोनदा वाजतो, उचलला जातो.)

प्रफुल्लकाका : हॅलो? ज्ञानू? काय झालं बेटा, सगळे बरे आहेत ना?

ज्ञानदा : मस्त आहेत, काका! बाबाला बोलायचंय तुमच्याशी.

प्रफुल्लकाका : ... दे ना मग.

बाबा : हं. प्रफुल्ल.

प्रफुल्लकाका : बोल ना बे, पल्या.

बाबा : झालं का पॅकिंग?

प्रफुल्लकाका : भांडी गुंडाळून राहिलो. तू काय करून राहिला?

बाबा : काही नाही. कॅम्परला कोट मारतोय.

प्रफुल्लकाका : हं. मीबी मारला होता रे. दोन हात. हॅलोवीनच्या आधीच्या शनिवारी. थंडीनं बोटं वळत नव्हती.

बाबा : बोलला नाहीस तसं.

प्रफुल्लकाका : तू विचारलं कुठं? डायरेक्ट सांगितलं सगळ्यांले, याने मारला नाही म्हणून. मग कोणाले काय सांगू?

ज्ञानदा : काका, तो वरचा व्हेंट आहे ना, तो बाबानं...

बाबा : ज्ञानू, शिडी उचल तिथली.

प्रफुल्लकाका : कोणता व्हेंट?

बाबा : काही नाही रे. तिचं आपलं चाललंय काहीतरी.

प्रफुल्लकाका : अच्छा. अन् फोन कशाले केला होता?

बाबा : तसं काम नव्हतं. पोरीनं उगाच लावला.

प्रफुल्लकाका : उगाच. बरं. ठेवतो मग.

ज्ञानदा : बाबा, तू... तू खरंच...

बाबा : नंतर करीन मी. निवांत. नेपरव्हिल काय लांब आहे? एका दिवसात जाऊन येता येतं.

ज्ञानदा : काका विचारत होते. समोरून विचारत होते.

बाबा : ते कापड दे इकडे. वाळलीय ही बाजू.

ज्ञानदा : घे.

बाबा : आणि तू त्या कोपऱ्यापासून सुरू कर. पातळ मार, ओघळ नको.

ज्ञानदा : फोनवर मागे मैत्री हसत होती. ऐकू आलं तुला?