कढीपत्त्याचं खत

भिवंडीच्या उकाड्यात घरी बिअर करायचं माझ्या नवऱ्यालाच सुचू शकतं. लग्नाला महिना होतोय न होतोय तोच समीरने किट मागवलं, बाल्कनीत बादली लावली आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, झाडांचं खत आंबवतोय."

पण आंबताना झाकणावरच्या नळीतून यायला हवेत ते बुडबुडेच येईनात. "अगं, गरमीने यीस्ट मेलं वाटतं!" तो रडकुंडीला आला. बघतो तर झाकण सैल, आणि बादली अर्धी.

"आई, हे कोणी उघडलं?"

"मीच. रोज मगभर कढीपत्त्याला घालते. खतच ना ते?"

समीरने झाकण घट्ट लावलं. मी हसू दाबत कांदा चिरत राहिले.

"तुझ्या बाबांच्या खतालाही अस्साच वास यायचा," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाही झाडं मस्त वाढलेली."