दोन्ही डोळ्यांनी

हसू नका, पण अर्ध्या उदगीरच्या लग्नाचे फोटो मी काढले अन् बायकोसंगं माझाच एक धड फोटो न्हाई. यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तर पोरीनं मला न विचारता लातूरहून फोटोग्राफर बोलावला.

गडी तरणा होता, कामाला चांगला. पण मला गप बसवतंय का! "अरे, उजेड मागून येऊन राहिलाय. जरा डावीकडं सरक," मी त्यालाच शिकवू लागलो. शिवकांता, म्हणजे आमची मंडळी, हळूच म्हणली, "अहो, आज तरी नवरदेवासारखं गप उभं राहा."

राहिलो. मग तो म्हणला, "काका, आता काकूंकडं बघा."

आजवर मी हे किती जोड्यांना सांगितलं असंल! मी वळलो, नीट बघू लागलो, तर पोरगी खिदळून ओरडली, "पप्पा आईला डोळा मारून राहिलेत!"

डोळा कुठला मारतो? सगळा जन्म कॅमेऱ्याला डोळा लावण्यात गेला. काही नीट बघायचं म्हणलं की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. समदे हसले. मी लई ओशाळलो.

शिवकांता तेवढी हसली न्हाई. माझी कॉलर सारखी करत म्हणली, "आता एकदा दोन्ही डोळ्यांनी बघा."

बघितलं.

"झालं काका," फोटोग्राफर म्हणला, "आता इकडं, कॅमेऱ्यात बघा."

म्हणलं, "थांब रे. माझं अजून बघून व्हायचंय."