दादाचा फोटो

— मग चर्चमधला बिंगो काय असतो? मागच्या महिन्यातल्या सभेत मी हेच विचारलं होतं, हॉल्बर्गसाहेब. तुम्हा गोऱ्यांच्या आया-मावश्या दर शनिवारी चर्चच्या तळघरात पैसे लावून आकडे जुळवतात, तो खेळ; आणि आमच्या मूळनिवासी जमातीने तळ्याकाठी कॅसिनो काढायचा म्हटलं की ते पाप? तुम्ही सगळे खोकलात तेवढे. — बसा ना. त्या ओंडक्यावर बसा. धूर लागेल, लागू दे.

आणि माझ्या भावाचं नाव घेऊ नका. आत्ता घेतलंत ना, तसं. आमच्यात माणूस गेला की हा जाळ चार दिवस विझू द्यायचा नसतो. तोवर तो वाटेवर असतो, आणि कुणी नाव घेतलं की मागे वळतो. दादा म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका — मंगळवारच्या सभेत हॉलमध्ये कुठं माहीत होतं तुम्हाला नाव? 'ए वेणीवाल्या, खाली बस!' पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाहीत. अहो, तो तुमच्याच बाजूने बोलायला उठला होता! कॅसिनो नको, गाड्यांचं तेल तळ्यात उतरेल, तळ्यातला रानभात मरेल — हेच सांगणार होता. घरी मला समोर बसवून म्हणून दाखवत होता. 'ऐकू येतंय का रे नीट?' मी म्हटलं, येतंय, आणि येड्यासारखं वाटतंय. मला तिथं पत्ते वाटायची नोकरी लागणार होती ना. काळा कोट मिळणार होता. — ते जाऊ दे.

तुम्ही शिट्ट्या मारल्यात. आमच्यांना त्याचं म्हणणं आधीच ठाऊक होतं; ते म्हणाले, फितूर. तुमच्यातला कुणी गाडीत घेईना, आमच्यातला कुणी घेईना. म्हणून निघाला हमरस्त्याने चालत, आणि तो लाकडं वाहणारा ट्रक... तुम्हाला माहीत आहे. आता इथं बघा, कोण आहे? मी आणि मामा. मामाचाही आत्ताच डोळा लागलाय. एवढी जमात, पण निरोपाची चिमूटभर तंबाखू जाळात टाकायला कुणी फिरकलं नाही.

मामा तुमच्या दुकानात दादाच्या शवपेटीसाठी खिळे घ्यायला आला, बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तुम्हाला पत्रक सुचलं. 'त्यांचाच माणूस म्हणत होता, कॅसिनो नको.' वर फोटो, खाली नाव. दुकानादुकानात लागणार, येणारा-जाणारा मोठ्याने वाचणार — आणि तो तिकडे पावलापावलाला मागे वळत राहणार? तुमच्यासाठी?

आहे, फोटो आहे. खिशातच आहे. एकच. होडीत उभा आहे, रानभात झोडायच्या काठ्या हातात, दात काढून हसतोय. हा बघा. नाही, हात नका लावू. तिथूनच. झालं बघून?

— ओरडता काय? त्याचाच होता, जाळातून त्याला दिला. उठा आता. जा.