कोरड्या लेनला साधा बॉल

...आणि वर दुकानदार मला काय म्हणतो, 'काका, हा बॉल नाही, वाघ आहे वाघ!' आता तुम्हीच सांगा, चौसष्टाव्या वर्षी माणसानं वाघ घेऊन जायचं कुठं? पण तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, आवडला मला तो बोलिंगचा बॉल. जांभळा, आणि हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत. 'खरखर म्हणजे पकड, काका. असा जातो... असा वळतो... आणि दहाच्या दहा पिना आडव्या!' हवेत हातानं वळवून दाखवला त्यानं. हवेत काय हो, मीही वळवतो.

कानात मात्र मेव्हणे बोलत होते, 'कोरड्या लेनला साधा बॉल, जावईबापू.'

मेव्हणे म्हणजे हिचे थोरले भाऊ. गेल्या वर्षी गेले. बावीस वर्षं, दर गुरुवारी दुपारी चार वाजता, लेन नंबर सात, ते आणि मी. आता दुपारी चारला लेनची अवस्था काय असते माहितीये? सकाळी मिस्त्री लेनवर तेलाचा हात फिरवतो. तेल असलं की बॉल सुळकन सरळ जातो आणि पिनांपाशी पोचल्यावर जरासा वळतो. पण सकाळपासून शाळेची पोरं, मग ऑफिसवाले, मग कुणाचा तरी वाढदिवस... सगळे बॉल घासून घासून तेल नेतात आणि आमच्या वाट्याला येतं सुकं लाकूड! सुक्यावर खरखरीत बॉल टाकला की तो अर्ध्यातच लाकूड धरतो आणि वळतो डावीकडे, थेट बाजूच्या पन्हळीत. म्हणून मेव्हण्यांचा बॉल साधा, गुळगुळीत, प्लास्टिकचा, पिवळा पडलेला. सुक्या लेनवर असा सरळ जायचा, जसा पेन्शनर बँकेत जातो. आणि मी हसायचो! 'अहो, हा काय बॉल आहे, याला काही करामत येते का?' ते चष्मा पुसत म्हणायचे, 'कोरड्या लेनला साधा बॉल, जावईबापू,' आणि माझ्यापेक्षा चाळीस पिना जास्त पाडून चहा सांगायचे. चहाही माझ्यासाठी बिनसाखरेचा, न विचारता. काय दिवस होते हो ते!

तर आमच्या बोलिंग क्लबात नियम असा, की वर्षातून एकदा जोडीनं एका डावात मिळून दोनशे गुण करायचे. नाही झाले तर तुमची वेळ दुसऱ्याला. चारच्या वेळेवर विमा कंपनीतल्या दोघांचा डोळा. आणि माझी जोडी तर... मी सगळ्यांना विचारलं. एकाचे गुडघे, एकाचा नातू, एक नुसता 'बघू' म्हणाला. शेवटी ही म्हणाली, 'मी येते.' मी म्हटलं, तू? 'नाव तर लागेल ना दुसरं?'

आता तुम्ही म्हणाल, मेव्हण्यांचा बॉल आमच्याच कपाटात होता, तोच का नाही घेतला? अहो, भोकं! बॉलची भोकं ज्याच्या त्याच्या बोटांच्या मापानं पाडतात. मेव्हण्यांची बोटं सडपातळ, माझा अंगठा केळ्याएवढा. दुकानदार म्हणाला, 'त्यात काय, जुनी भोकं बुजवू, तुमच्या मापाची पाडू.' बुजवू? त्यांच्या बोटांची जागा बुजवायची? नाही जमलं मला. आणि त्या भरात मी वाघ घेतला! भोकंही पाडून घेतली. आणि एकदा भोकं पाडलेला बॉल कोणी परत घेत नाही, हे पाटीवर लिहिलेलं होतं. मागच्या भिंतीवर.

गुरुवार. चार वाजले. विमावाले बूट घालूनच बसलेले, तेरावं जेवायला आल्यासारखे. मी वाघ सोडला. गेला... वळला... पन्हळीत. उजवीकडून सोडला, पन्हळीत. जोर लावला, मनगट सरळ धरलं, तरी अर्ध्याला पोचला की याला डावीकडचं माहेर आठवायचं! डाव संपला तेव्हा माझे गुण चौऱ्याहत्तर. मला कुणाकडे बघवेना. बावीस वर्षांची वेळ मी एका दुपारी घालवत होतो, आणि ती वेळ गेली की मेव्हणे पुन्हा एकदा जाणार होते.

हिनं मात्र पिशवीतून पिवळा बॉल काढला होता, पदराला पुसला होता, बोटं घातली होती... आणि बोटं बसली. नेमकी. एकाच घरातली बोटं ती! पहिल्या फेकीला ही नुसतीच उभी राहिली होती, डोळे भरून. मग चार पावलं टाकली आणि सोडला, आणि तो निघाला सरळ. डावभर सरळ. एकशे एकतीस!

मी म्हटलं, 'अगं, हे कधी शिकलीस?'

'लग्नाआधी दोन वर्षं दादाबरोबर खेळत होते.'

'मला कधी बोलली नाहीस?'

'तुम्ही कधी विचारलंत?'

बेरीज दोनशे पाच. विमावाले बूट सोडायला लागले. मी वाघाकडे बघितलं, मग हिच्याकडे. म्हणायला नको होतं, पण ही म्हणालीच, त्याच सुरात, 'कोरड्या लेनला साधा बॉल...' आणि पिवळा बॉल पुन्हा पदराला पुसायला लागली.

वेळ राहिली. गुरुवार, चार, लेन सात. काउंटरवाल्यानं त्याच दिवशी फळ्यावर नवीन जोडी लिहिली. मी चष्मा लावून जवळ जाऊन वाचलं. लिहिलं होतं, 'ताई, आणि सोबत एक.'