निकिताच्या घरची भाषा

नमस्कार.

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. जागा नसेल तर मधल्या पायऱ्यांवर... नाही, थांबा. त्या पायऱ्यांवर कुणी बसू नका. भिंतीला टेकून उभे राहा, पण तिथे नको. निकिता तिथेच पडली होती.

माफ करा. बोलायला उभी राहिले आणि पहिलं तेच तोंडातून निघालं.

मी प्राजक्ता इंगळे, अकोल्याची. निकिता गणोरकर आणि मी जनसंवादाच्या पदवीला तीन वर्षं एका वर्गात होतो, होस्टेलच्या एका खोलीत होतो. प्राचार्य मॅडम, इंगोले सर, मोर्शीहून आलेले निकिताचे शेजारी, माझ्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही सगळे आलात. पण आपण इथे कशासाठी आलोय, ते माझ्या डोक्यात अजून शिरत नाहीये. खरंच शिरत नाहीये. काल ह्याच सभेची तयारी करताना मी तिला मेसेज टाकला, माइकची लांब वायर तुझ्याकडे आहे का म्हणून. टाकला, आणि मग लक्षात आलं.

एकवीस वर्षांची होती ती. अशी कशी जाईल?

पहिल्या वर्षाचा पहिला तास आठवतो ना रे सगळ्यांना? इंगोले सरांनी विचारलं होतं, हाच कोर्स का घेतला? कुणी म्हणालं अँकर व्हायचंय, कुणी म्हणालं जाहिराती करायच्यात. निकिता उठली आणि म्हणाली, "सर, मायी आई ऐकत नाही, बोलत नाही. आईचं बाबाले सांगणं, लोकायचं आईले सांगणं, मी लहानपणापासून हेच करून राहिली. मंग म्हटलं, डिग्री बी घेऊन टाकू."

आपण हसलो. ती आरामात खाली बसली.

काकू, म्हणजे निकिताची आई, कधी शाळेत गेल्या नाहीत. मूकबधिरांच्या शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा त्यांना येत नाही. घरात त्यांनी स्वतःच्या खुणा केल्या. लहानग्या निकितानं त्यात भर घातली. तशी एक भाषाच तयार झाली. ती भाषा पुरी येणारी माणसं जगात दोनच होती. काकू आणि निकिता. काकांना, म्हणजे निकिताच्या बाबांना, येते, पण कामापुरती.

आणि थोडी मला. खोलीवर अभ्यासाचा कंटाळा आला की निकिता शिकवायची. चहा. भाकर. पाऊस. एसटी. झोप. ऊठ. परीक्षा म्हणजे डोकं धरून डोळे मोठे करायचे. मी चुकले की ती हसून हसून लोळायची. "पराजू, तू आत्ता आईले म्हटलं का म्हैस परीक्षेले गेली!"

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी अकोल्यात एका लोकल चॅनेलमध्ये काम केलं. ती आमच्याच घरी राहिली. तिचा आवाज काय सुंदर होता! पण बातम्या वाचायला बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी उठवलं. भाषा शुद्ध नाही म्हणे. आम्ही रणरणत्या उन्हात घरी चाललो होतो. ती मला म्हणते, "काहून गं? अकोल्यात सारे मले-तुले म्हनतात. बातमीच काहून मला-तुला म्हनते?" दुसऱ्या दिवसापासून ती एडिटिंगला बसली, आणि महिन्याभरात तिथल्या लोकांना तिच्याशिवाय काम सुचेना. रागावली नाही. रुसली नाही. शिकून घेतलं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक माहितीपट करायचा असतो. निकितानं काकूंवर केला. काकू मोर्शीच्या बाजारात भाजी विकतात. लोकांना कळलं की बाईला ऐकू येत नाही, की लोक काय करतात माहीत आहे? जोरात ओरडतात! सगळा बाजार वळून बघतो आणि काकू शांतपणे वांगी निवडत बसतात. त्या फिल्मला निवेदन नव्हतं. इंगोले सर म्हणाले, "निवेदन टाक, नाहीतर बाहेरचे परीक्षक विचारतील." निकिता म्हणाली, "सर, पह्यले तं आई पाहीन. तिच्यासाठी आवाज कशाले?" शेवटी तिनं पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःला ठेवलं. पूर्ण फिल्मभर ती कोपऱ्यात उभी राहून हातांनी आईला सांगते. आणि आपल्यासाठी खाली अक्षरं. सर, तुम्ही तेव्हा तिची पाठ थोपटलीत. ती रात्री मला ते परत परत सांगत होती.

त्या दिवशी ह्याच सभागृहात ती फिल्म दाखवायची होती. काकू मोर्शीहून एसटीनं येणार होत्या. निकिता मला म्हणाली, "पराजू, आईले स्टँडवरून तूच घेऊन ये. मायं डोकं सकाळपासून ठणकून राहिलं. मी प्रोजेक्टर लावते." मी म्हटलं, गोळी घे. ती म्हणाली, "घेतली." एवढंच. आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

मी काकूंना घेऊन ऑटोनं गेटवर आले. काकूंनी नवीन लुगडं नेसलं होतं. आपली मुलं कुणाला तरी उचलून सरांच्या गाडीकडे पळत होती. काकूंनी मला खुणेनं विचारलं, कोण आहे? मला माहीत नव्हतं. मी खांदे उडवले. आणि मग काकूंना तिच्या पायातली चप्पल दिसली.

दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो. काका अजून वाटेत होते. डॉक्टर बाहेर आले. "नातेवाईक कोण?" सरांनी काकूंकडे बोट दाखवलं. डॉक्टर काकूंना सांगायला लागले. त्यांच्या तोंडावर मास्क होता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, आणेपर्यंत काही उरलं नव्हतं, असं काहीसं. सरांनी भिंतीला हात टेकला. आणि काकूंनी माझ्याकडे बघितलं. हात हलवला. काय म्हणाले?

आता सांगा, काय सांगणार होते मी? निकितानं मला चहा शिकवला, पाऊस शिकवला, म्हैस शिकवली. मरण शिकवलं नव्हतं. ह्या वयात कोण शिकवतं? कोण विचारतं?

मला येणाऱ्या खुणांतून मी एक खूण केली. झोपली.

काकूंनी मान डोलवली. त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्या हसल्या माझ्याकडे बघून. पदर सावरला आणि लेकीजवळ बसायला आत निघाल्या.

मी त्यांचा दंड धरला. वळवलं. पुन्हा खूण केली, झोप. मग, ऊठ. मग मान हलवली, नाही. त्यांना कळेना. मी पुन्हा केलं. झोप. ऊठ. नाही. तिसऱ्यांदा करायला गेले, तर काकूंनी माझे दोन्ही हात घट्ट पकडले. बोलणाऱ्याच्या तोंडावर आपण हात ठेवतो ना, पुढचं बोलू नको म्हणून? तसे.

किती वेळ सोडलेच नाहीत.

नंतर, तेरवीच्या आधी, काकांचा फोन आला. "पोरी, तुयी काकू म्हनून राहिली, पोरीचा सिनेमा पाह्याचा हाये." आम्ही चौघंजण लॅपटॉप घेऊन मोर्शीला गेलो. मला वाटलं होतं, त्यांना सोसवणार नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात निकिता उभी राहिली, हात हलवायला लागली. थोडा वेळ काकू नुसत्या बघत होत्या. आणि मग त्यांचे हात सुरू झाले. त्या तिला उत्तर द्यायला लागल्या! निकितानं सांगितलं की ही वांगी आपल्या वावरातली. काकूंनी जोरात हात हलवला. नाही, नाही, ही मावशीच्या वावरातली. मग निकितानं काहीतरी खूण केली, खाली त्याची अक्षरं नव्हती, आम्हाला कळली नाही, त्यावर काकूंनी तिच्याकडे बोट रोखून तिला चांगलं दटावलं. काका एकदम हसले. हसता हसता उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

फिल्म संपली. पडदा काळा झाला. काकूंचं वाक्य अर्धं राहिलं होतं. हात तसेच हवेत.

त्यानंतर काकू फारसं काही बोललेल्या नाहीत, असं काका सांगतात. बोलणार कुणाशी?

मित्रांनो, निकिताला श्रद्धांजली वाहते असं मला म्हणता येत नाही. जमत नाही अजून. मी एवढंच ठरवलंय की दर सुट्टीत मी मोर्शीला जाणार. ती भाषा पूर्ण शिकणार. काकांनीही सुरुवात केली आहे.

आत्तापर्यंत मी जे बोलले, त्यातलं काही काकूंना ऐकू गेलेलं नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्यात. माझ्या तोंडाकडे बघतात, मग वळून तुमच्या डोळ्यांकडे बघतात. आता मी खाली उतरून त्यांच्यासमोर बसणार आहे, आणि तुम्ही कोण कोण आलात, तिच्यासाठी आलात, हे त्यांना सांगणार आहे. अशा सभेत शेवटी सगळे उठून शांत उभे राहतात ना, ती शांतता आता पाळू या. मला वेळ लागेल. माझे हात चाचरतात अजून. माझं सांगून होईपर्यंत, आणि काकूंना काही म्हणायचं असेल तर त्यांचं म्हणून होईपर्यंत, कुणी बोलू नका.

सर, माइक बंद करा.