बदललेली बाजू

(सप्टेंबर १९९०. सांगलीतल्या एका कॉलेजच्या सभागृहामागं, पाण्याच्या टाकीजवळ.)

धनाजी : हळू कशाला बोलू? तू बोललीस का हळू? माईक फुटंस्तवर बोललीस की.

प्रियदर्शनी : आबा, ऐका तरी. ते माझं मत न्हाई. वादविवाद स्पर्धा हाय ही. एका कॉलेजची दोन पोरं, एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. कुणी कुठली बाजू घ्यायची ते सर ठरवत्यात.

धनाजी : मग म्हैनाभर विहारात म्हणून दाखवत हुतीस ती कुठली बाजू? राखीव जागा का पायजेत, हेच ना? बनुबाई चुलीवरची भाकरी सोडून ऐकाय यायची. पोरगी सांगलीत आपलं बोलणार म्हणून अर्जुनाच्या टेम्पोत बसून उंब्रजपास्नं सतरा माणसं आली. आन् तू वर जाऊन काय म्हणलीस? “राखीव जागांच्या कुबड्या फेकून द्या.”

प्रियदर्शनी : सकाळी हितं उतरल्यावर सरांनी बाजू बदलली.

धनाजी : का?

प्रियदर्शनी : जाऊ द्या आता.

धनाजी : का बदलली? त्वांड उघड.

प्रियदर्शनी : म्हणले, राखीव जागा नकोत हे तुझ्या तोंडून आलं, तर परीक्षक हलतील. आन् पायजेत हे माझ्या जोडीतल्या शौनकच्या तोंडून आलं, तर त्याचं मन मोठं दिसंल.

धनाजी : वा रं मास्तर! आन् तू व्हय म्हणलीस.

प्रियदर्शनी : म्हणले. नऊ वर्षांत करंडक न्हाई आमच्या कॉलेजला. मला जिकायचं हुतं, आबा. खोटं कशाला बोलू?

धनाजी : जिकलीस की. पयला नंबर. तुझी आजी टाळ्या वाजवत हुती, बघितलंस? तिला येतंय कमी ऐकू. सगळी वाजवत्यात म्हणून तीबी वाजवाय लागली, नातीनं नाव काढलं म्हणून. बाकीची सोळा माणसं खाली मान घालून. शेवटाला मी आईचं हात धरून खाली घेतलं.

प्रियदर्शनी : बास करा, आबा.

धनाजी : माझं पत्र कुठाय?

प्रियदर्शनी : शौनककडं. माझंच भाषण त्याला दिलं सरांनी. त्यात पत्र हुतं, म्हणून...

धनाजी : बघितलं. खिशातनं काढून सगळ्यांस्नी दाखवत हुता. “हे पत्र माझ्या वडिलांना आलं.” बावीस वर्षं ट्रंकेत जपलं मी ते. मॅट्रिक झालेला वस्तीतला पयला माणूस. कारकुनाची राखीव जागा. मुलाखतीत विचारलं काय, तर नाव, गाव, आन् बाप काय करतो. खुर्चीवर नीट टेकलोबी नव्हतो. आठ दिसांनी कागद. “योग्य उमेदवार न मिळाल्याने सदर जागा रिक्त ठेवण्यात येत आहे.” तवापास्नं हायवेवर मैलकुली म्हणून डांबर वततोय. तुला दिला त्यो कागद, दुसऱ्याच्या पोराला न्हाई.

शौनक : अगं, इथे आहेस होय! सर केव्हाचे शोधतायत. चारला प्रमुख पाहुणे येतायत. आपण दोघांनी त्यांच्यासमोर तीच भाषणं पुन्हा करायची, मग करंडक. हे...?

प्रियदर्शनी : माझे वडील.

शौनक : नमस्कार काका.

धनाजी : नमस्कार. मघाशी तर मी तुझा बाप हुतो म्हणं.

शौनक : काय? ...अच्छा, ते. काका, खरंच चुकलं. दोन तासांत सगळं भाषण पाठ केलं. ‘माझे वडील’ तेवढं बदलायचं राहून गेलं.

प्रियदर्शनी : राहून गेलं? टाळ्या पडल्या तेव्हा थांबलास की तू. रुमाल काढून डोळे पुसलेस.

शौनक : आणि तू काय केलंस? ‘दयेच्या तुकड्यांवर वाढलेली पिढी’, हे माझं वाक्य. माझ्या तोंडून ते इतकं जोरात कधी आलं नसतं.

प्रियदर्शनी : हो, जोरात म्हटलं. एकदाही अडखळले नाही. त्याचाच तर राग येतोय मला, तुझ्यापेक्षा माझाच जास्त.

शौनक : एवढं मनाला लावून काय घेतेस? दोघंही आपापल्या मताविरुद्ध बोललो. फिटंफाट.

प्रियदर्शनी : कसली फिटंफाट? गेल्या आठवड्यात मंडलच्या विरोधात तुम्ही कॉलेजच्या गेटवर बूटपॉलिश करायला बसला होतात. पदव्या घेऊन आता हेच करायचं का, म्हणून. फोटो काढून घेतलेस, संध्याकाळी ब्रश टाकून घरी गेलास. आजही तसाच जाशील. मी कुठं जाऊ? उंब्रजला कुठल्या तोंडानं उतरू?

धनाजी : बूटपॉलिश? आरं, ज्येंच्या पोटाचा तो धंदा हाय, त्येंनी काय म्हणायचं रं?

शौनक : काका, त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता.

धनाजी : हेतू कुणाचाच नसतोय. त्या मुलाखतीतल्या साहेबाचाबी नसंल.

शौनक : हे बघ, भांडण नंतर करू. चारला तू नसलीस तर जोडी बाद, करंडक दुसऱ्या नंबरला. नऊ वर्षांनी आलाय, प्रियदर्शनी! माझीही मेहनत आहे त्यात.

धनाजी : जा, पोरी. माझ्यापायी नगं मागं ऱ्हाऊस. एवढं केलंस, आता घिऊनच ये त्यो कप.

प्रियदर्शनी : कुठं ठेवू आणून? विहारात? शौनक, पत्र दे.

शौनक : भाषणात लागणार आहे ते. झाल्यावर देतो ना.

प्रियदर्शनी : आत्ता दे.

शौनक : घे बाई. घडीवर जरा फाटलंय. माझ्याकडून नाही हं.

धनाजी : ठावं हाय. उघडून उघडून माझ्याच हातानं फाटलंय.

शौनक : ऐक, पुकारतायत तुझं नाव. चल ना! पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीये तुझी.

प्रियदर्शनी : आबा, आजी कुठाय?

धनाजी : टेम्पोत बसवलीया. सगळी खोळंबल्यात.

प्रियदर्शनी : चला मग. वाटंत काय बोलत्याल ते ऐकून घेते.

शौनक : अगं, तू खरंच चाललीस? मी काय सांगू सरांना? पाहुण्यांना काय सांगू?

धनाजी : कागदात हाय तसंच सांग की, पोरा. तुला तर पाठ हाय. योग्य उमेदवार मिळाला न्हाई.