तळहाताएवढी काच

गुरुवारी सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी, बरं का, नऊ आठ नाही, नऊ दहा नाही, बरोबर नऊ वाजून नऊ मिनिटांनी हे सगळं सुरू झालं, कारण मालकीणबाईंच्या ज्योतिषाने नवीन गाडीसाठी तीच वेळ काढून दिली होती. नऊचा आकडा बरकतीचा म्हणतात. असेल बाई. माझ्या वाट्याला दोन-दोन नऊ आले आणि काय बरकत झाली ते तुम्हीच ऐका, आणि यात माझं नक्की कुठे चुकलं ते मला सांगा, कारण मला अजून कळलेलं नाही.

आणि काच केवढी? तळहाताएवढी. मागच्या दाराच्याही मागे, गाडीचं छप्पर जिथे खाली उतरायला लागतं ना, तिथे एक तिकोनी काच असते. दोन्ही बाजूंना एकेक. ती उघडत नाही, खाली जात नाही, तिच्यातून कोणी हात बाहेर काढत नाही. ती तिथे का असते हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. पण तिच्यापायी माझ्या नवऱ्याची नोकरी जायची वेळ आली.

आमचे हे, म्हणजे प्रयून, इथे थायलंडात, कोरात शहरातल्या रम्फाबाईंकडे ड्रायव्हर. बाईंचं सोन्याचं दुकान, आणि गाडी इतकी लांब की आमच्या गल्लीत वळवली तर शेपूट बाहेर राहतं. त्या गुरुवारी ती येऊन तीनच दिवस झालेले, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. रंग काळा कुळकुळीत. आता बाईंचा जन्म बुधवारचा, त्यांना लाभतो हिरवा, पण मुलाने न विचारता काळी घेऊन टाकली. मग काय करायचं? सगळे करतात तेच केलं. मागे पट्टी चिकटवली, 'ही गाडी हिरवी आहे'. झाली हिरवी. आमच्याकडे रस्त्यावर बघाल तर अशा किती गाड्या... नशिबाला वाचता येतं, पण दिसत काही नाही असं दिसतंय.

पण बाईंचं पट्टीवर भागेना. त्यांनी घरात नियमच केला, गाडीला काळी म्हणायचं नाही. स्वयंपाकीण एकदा चुकून म्हणाली, "काळी गाडी धुवायला घेतली वाटतं," तर तिला तिथल्या तिथे तीन वेळा "हिरवी, हिरवी, हिरवी" म्हणायला लावलं. आमचे हे झोपेतसुद्धा हिरवी म्हणायला लागले. त्यांचं ऐकून मीही. आणि आमचा टेंगमो, अडीच वर्षांचा, नेमका तेव्हाच रंग शिकत होता, तो आता कावळ्याला हिरवा म्हणतो.

तर बाई गेल्या हाँगकाँगला देवदर्शनाला, येणार सोमवारी, आणि मुहूर्त निघाला गुरुवारचा. बाई फोनवर ह्यांना म्हणाल्या, "वेळ काय माझ्यासाठी थांबणार आहे, प्रयून? तू गाडी घेऊन विहारात जा, भन्तेजींकडून छताला गंधाचे ठिपके लावून घे. आणि जपून. एक ओरखडा दिसला तर घरी बस." घरी बस म्हणजे नोकरीवरून घरी, विश्रांतीला नाही.

मी का गेले? टेंगमोला दोन रात्री ताप होता. म्हटलं, मंतरलेलं पाणी शिंपडतायत, चार थेंब ह्याच्याही अंगावर पडतील. वाटेत तो झोपला. ह्यांनी त्याला मागच्या सीटवर आडवा केला, किल्ली आतच, इंजिन चालू, एसी चालू. हे एसीचं मला नंतर आठवलं. नंतर म्हणजे सगळं झाल्यावर.

भन्तेजी त्र्याऐंशी वर्षांचे. ड्रायव्हरच्या जागी बसले, वर ठिपके लावले, सावकाश उतरले, दार मागे लोटलं आणि तिथेच दाराला पाठ लावून, डोळे मिटून मंत्र म्हणायला लागले. आम्ही सगळे हात जोडून बसलो. आणि गाडीतून आवाज आला, टक्.

टेंगमो उठला होता. पुढे येऊन त्याने कुठलंसं बटण दाबलं होतं आणि परत मागे जाऊन काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होता. मी मागचं दार ओढलं, बंद. पलीकडे धावले, बंद. ह्यांनी डावीकडचं पुढचं ओढलं, बंद. उन्हात गाडीत अडकलेल्या पोरांच्या सगळ्या बातम्या एकदम आठवल्या. मी काय ओरडले मला माहीत नाही, पण विहाराच्या दाराशी पपईची कोशिंबीर विकणाऱ्या दुआन मावशी गाडा सोडून धावत आल्या, हातात मिरच्या कुटायचा बत्ता तसाच.

"सरक गं," मावशी म्हणाल्या, "काच फोडायची."

"मावशी, गाडी तीन दिवसांची आहे," हे म्हणाले.

"आणि पोरगं किती दिवसांचं आहे? मोठी काच नको फोडायला, महाग असते. ही छोटी फोडू. ही काय, तळहाताएवढी, दोन-चारशेत येईल."

जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. छोटी वस्तू स्वस्त, मोठी महाग, यात न पटण्यासारखं काय आहे? कोथिंबिरीची जुडी आणि आख्खा भोपळा, तुम्ही काय म्हणाल? फोडली. डावीकडची. मावशींचा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. आतली कडी वीतभर लांब राहिली. "ह्या बाजूने नाही पोचत," मावशी म्हणाल्या, "त्या बाजूने पोचेल." का पोचेल? दोन्ही बाजू सारख्याच ना? पण तेव्हा कोणाला सुचतंय. फोडली उजवीकडची पण. पोचला नाही. टेंगमो आत टाळ्या वाजवत होता.

तेवढ्यात भन्तेजींचा मंत्र संपला. मंत्र मध्ये तोडत नाहीत, म्हणून ते थांबले नव्हते. त्यांनी डोळे उघडले, एक पाऊल बाजूला झाले, आणि त्यांच्या पाठीमागचं दार आपोआप चार बोटं उघडलं. ते नीट लागलंच नव्हतं.

"हे उघडंच आहे," भन्तेजी म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, ते एक दार कोणीच कसं ओढलं नाही? अहो, मी बाईमाणूस, आमच्याकडे बायकांनी भन्तेजींना शिवायचं नसतं, त्यांच्या अंगाला चुकून हात लागला असता तर? मी त्या दाराला हात लावणारच नव्हते. मावशीही नाहीत. ह्यांना वाटलं मी ओढून बघितलं, मला वाटलं ह्यांनी. आणि भन्तेजींना बाजूला व्हा असं कोण म्हणणार? ह्यांनी पोराला बाहेर काढलं, माझ्याकडे दिलं, आणि दोन तिकोनी भोकांकडे बघत काचेचे तुकडे वेचायला बसले. भन्तेजींनी पाणी शिंपडलं. गाडीवर, पोरावर, आणि ह्यांच्यावर जरा जास्त.

चार दिवस होते हातात. विम्याचं म्हणाल तर त्याला बाईंची सही लागते. सही मागायची म्हणजे सांगायचं, सांगायचं म्हणजे घरी बसायचं.

काचवाले सुविट काका गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दाराची मोठी काच फोडली असतीत तर संध्याकाळपर्यंत बसवून दिली असती."

"पण ही छोटी आहे, काका. तळहाताएवढी."

"म्हणूनच. दाराची काच नुसती काच असते, खाचेत सरकवली की झालं. ही गोंदाने चिकटलेली, कडेची रबरपट्टी आणि चकचकीत पट्टी तिच्यासकट कारखान्यातून येते. मोठीच्या तिप्पट."

मी म्हटलं, भंगार बाजारात मिळेल. तिथे इंजिनं मिळतात, आख्खी दारं मिळतात. काका म्हणाले, मिळत नाही, कारण जुन्या गाडीतून काढतानाच ती फुटते. म्हणजे बघा, निघत नाही, मिळत नाही, उघडत नाही, फक्त फुटते. अशी वस्तू माणूस बनवतो कशाला?

माझी सोन्याची साखळी मोडली. रम्फाबाईंच्या दुकानात नाही, समोरच्या दुकानात, तोंडाला मास्क लावून. मग काकांनी बँकॉकच्या काचवाल्या बाईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला, कारण त्यांना गाडीखाली वाकून बघायचं होतं. हे तर पायरीवर डोकं धरून बसलेले.

"कुठली बाजू?" ती म्हणाली. "डावी की उजवी?"

"म्हणजे गाडीत बसून डावी, की समोर उभं राहून डावी?"

"बसून."

मी गाडीत जाऊन बसले. "पुढे तोंड करून की काचेकडे तोंड करून?"

"ताई," ती म्हणाली, "फुटलीय कुठली?"

"दोन्ही."

मग म्हणाली, "गाडीचा नंबर वाचा, पुढच्या काचेखाली असतो तो, सतरा आकडे-अक्षरं." मी वाचायला घेतला. एका जागी अडले. म्हटलं, "इथे एक गोल आहे, तो शून्य आहे की ओ?" ती म्हणाली, त्यात ओ नसतोच. मग तीन वेळा पहिल्यापासून वाचला, टेंगमो कडेवर, त्याला फोन हवा. शेवटी तिने विचारलं, "बरं, गाडी कुठल्या रंगाची? काळ्या गाडीला काळ्या काचा येतात, बाकीच्यांना हिरवट."

आणि मी सांगितलं.

शनिवारी रात्री बसने खोकं आलं. रविवारी सकाळी काकांनी तारेने जुना गोंद कापला, कडा पुसून लख्ख केल्या, मग खोकं उघडलं. काच उजेडाला धरली. मग मला हाक मारली. "टेंगमोच्या आई, जरा इकडे या. गाडीचा रंग कुठला सांगितलात?"

"हिरवा."

"आणि ही समोर उभी आहे ती गाडी कुठल्या रंगाची?"

"हिर..." म्हटलं मी, आणि तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या मागवायला ना वेळ ना पैसे, त्याच बसवल्या. सगळ्या काचा काळ्या, आणि मागे दोन तिकोनी तुकडे पेरूसारखे हिरवे. म्हटलं, वरून काळा कागद चिकटवा. काका म्हणाले, "कागद दाबून बसवावा लागतो. ओल्या गोंदावरची काच आत जाईल. बुधवारनंतर बघू. आणि तोवर धुवायची नाही, दार आपटायचं नाही, एक खिडकी थोडी उघडी ठेवायची." बुधवारनंतर! बाई सोमवारी येणार. हे मला रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नुसते म्हणाले, "माझ्याही तोंडातून तेच आलं असतं."

सोमवारी मी टेंगमोला घेऊन बाईंच्या अंगणात कमळाच्या कुंडीमागे उभी. ठरवलं होतं, पाया पडायचं आणि पोर पुढे करायचं. बाई आल्या, प्रवासाने दमलेल्या, तरी आधी गाडीकडे. वर ठिपके बघितले, मान हलवली. चाकं बघितली. मग मागे आल्या आणि उजव्या काचेपाशी थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"प्रयून, ही काच हिरवी आहे."

"हो बाई."

"मी गेले तेव्हा होती?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. मीच पुढे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं, टक् झालं तिथपासून, मावशी, बत्ता, भन्तेजी, दार, मोठीच्या तिप्पट, साखळी, शून्य...

बाईंनी हात वर केला. "फुटली कशी ते राहू दे. हिरवी कशी झाली ते सांग."

"बँकॉकच्या बाईने गाडीचा रंग विचारला, मी हिरवा म्हटलं."

"कोणी म्हणायला सांगितलं?"

"कोणी नाही. आपोआप आलं तोंडातून."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या ज्योतिषाला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण बाईंचा चेहरा उजळत गेला. फोन ठेवून माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी मागे कोणी उभं आहे का ते वळून पाहिलं.

"ते म्हणाले, घरच्या नोकरांनी म्हटलेलं धरत नाहीत, ते पगारासाठी म्हणतात. पण हिने न सांगता म्हटलं, आणि गाडीने ऐकलं. गाडीत हिरवा रंग उतरायला लागलाय. दोन काचांपासून सुरुवात झालीय." टेंगमोने गाडीकडे बोट केलं आणि म्हणाला, "हिलवी." बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

नोकरी राहिली. ह्यांनी श्वास सोडला तो मला तिथवर ऐकू आला. मी हळूच म्हटलं, "बाई, ती माझी साखळी..."

"ते मी भरून दिलं तर आलेलं नशीब परत जाईल, पोरी. ते तुझ्याच हातून व्हायला हवं होतं." आणि लगेच म्हणाल्या, "आता बाकीच्या सहा काचा. पुढची, मागची आणि चार दारांच्या. त्याचे पैसे मी देईन, पण फोन तू करायचास. तुझ्याच तोंडाने. उद्या सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी."

तर आता मला सांगा, यात मी जिंकले की हरले? मला तर काहीच कळत नाही. उद्या परत ती बाई विचारणार, कुठली फुटलीय, आणि मी काय सांगू, एकही फुटलेली नाही म्हणून? माझं राहू दे. तुमच्या ओळखीत कोणाकडे लहान मूल आणि मोठी गाडी असेल ना, त्यांना माझा निरोप द्या. पोर अडकलं तर छोटी काच फोडू नका, मोठी फोडा. आणि मोठी फोडायच्या आधी चारही दारं ओढून बघा, मग तिथे कोणीही उभं असो. एवढं चार जणांना सांगा.